भाग येणे बाकी

“ही नादुरुस्त नाही, निकामी आहे,” असं म्हणून शेरेबुवांनी व्हीलचेअर उलटी केली आणि तिचं पुढचं चाक बोटाने फिरवलं. चाक अर्धा फेरा फिरलं, कुरकुरलं आणि थांबलं. “बघ. आस झिजलाय. तू जोड देशील, आठ दिवसांत ही परत इथं येईल. येण्याआधी कुणाला तरी पाडून येईल.”

“पाडू दे की,” वेल्डर म्हणाला. “दवाखान्यातच पडेल ना? उचलून न्यायला लांब जायला नको.”

शेरेबुवा हसले नाहीत. एरवी हसले असते. त्यांनी पुठ्ठ्याची चिठ्ठी घेतली, ‘निकामी’ असं ठसठशीत अक्षरात लिहिलं आणि सुतळीने ती खुर्चीच्या हाताला बांधली. गाठ मारताना हात जरा रेंगाळला. बांधलेली चिठ्ठी ते कधी ओढून पाहायचे नाहीत, आज दोनदा ओढून पाहिली.

त्या मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, धुलाईघराच्या पलीकडे, पत्र्याच्या छपराखाली मोडक्या वस्तूंचं भांडार होतं. सगळ्या वॉर्डांतून मोडलेलं, बिघडलेलं, बंद पडलेलं ते इथं यायचं. खाटा, स्टुलं, सलाइनचे स्टँड, वजनकाटे, पंखे. प्रत्येक वस्तू तपासून तिच्यावर शेरा लिहायचा, हे काम एकोणतीस वर्षं एकाच माणसाकडे होतं. कागदोपत्री तो भांडार सहायक होता, पण त्याला सगळे शेरेबुवा म्हणायचे. बुवा म्हणण्याजोगं त्यांच्यात काही होतंही. शब्दाशी खेळलेलं त्यांना खपत नसे.

नवीन आलेल्या माणसाला ते पहिल्याच दिवशी समजावून सांगत. जे दुरुस्त होईल ते नादुरुस्त. जे इमानाने काम करून करून झिजलं ते निकामी. त्याला भंगारात टाकताना आधी चांगले स्क्रू काढून घ्यायचे, आणि फेकायचं नाही, ठेवायचं. जे आलं त्या दिवसापासूनच धड चाललं नाही ते कुचकामी. आणि जे चालतं, ठणठणीत आहे, पण आता कुणाला नकोच आहे, ते निरुपयोगी. “हा शेरा लिहिताना हात आखडता घ्यायचा,” ते म्हणत. “कारण यात वस्तूचा काही दोष नसतो. दोष आपल्या गरजेचा.”

पाचवा शेरा त्यांनी स्वतः काढलेला होता. एखादी वस्तू चांगली असते, फक्त तिचा एक लहानसा भाग मिळत नसतो. बनवणारी कंपनी बंद झालेली असते, किंवा मागवलेला भाग येतच नाही. अशा वस्तूला ते ‘भाग येणे बाकी’ अशी चिठ्ठी बांधत आणि खिडकीखालच्या कोपऱ्यात ठेवत. त्या कोपऱ्यात आज बारा वस्तू होत्या. नवजात बाळांना ऊब देणारा एक दिवा तिथं अकरा वर्षं उभा होता. दर शनिवारी शेरेबुवा त्याच्यावरची धूळ पुसत.

“बुवा, साहेबांचा कागद वाचला ना?” वेल्डरने विचारलं.

“वाचला.”

“आज संध्याकाळपर्यंत कोपरा रिकामा पाहिजे. एक वर्षावरचं सगळं निरुपयोगी लिहून मोकळं करायचं म्हणतात.”

“म्हणू देत.”

“म्हणू देत काय? चार वाजता गाडी येतीय.” मग वेल्डरने आवाज उतरवला. “वहिनींचं आज आहे ना? बारा वाजता?”

शेरेबुवांनी मान हलवली. आज शुक्रवार. बाराच्या ठोक्याला त्यांच्या बायकोची शेवटची चाचणी होती.

सात महिन्यांपूर्वीची सकाळ त्यांना मिनिटामिनिटाने आठवत होती, फक्त हवं ते एक मिनिट सोडून. ते बनियनवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. आत मोरीत बायको कपडे धूत होती. धुवायला टाकलेल्या सदऱ्याच्या खिशात त्यांचं पेन राहिलं होतं. खिसे रिकामे करून कपडे टाकत जा, हे चौतीस वर्षं सांगून ती थकली नव्हती आणि ऐकून हे सुधारले नव्हते. पेन फुटलं. बादलीतले त्यांचे तिन्ही सदरे निळे झाले. ती एक सदरा हातात धरून दारात आली आणि म्हणाली, “अहो, सगळं वाया—”

त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं नाही. आता बोलणी बसणार म्हणून ते आणखीच वर धरलं आणि “हं” म्हणाले.

पुढचं बोलणं आलं नाही. त्यांना वाटलं, बरं झालं, थोडक्यात सुटलो. त्यांनी पान उलटलं. मग मोरीच्या उंबऱ्यावर काहीतरी घसरल्यासारखा आवाज झाला.

“नेमकं किती वाजता झालं?” रुग्णालयात डॉक्टरांनी विचारलं. वेळेवर बरंच अवलंबून होतं म्हणे. शेरेबुवांना वेळ सांगता येईना. ते म्हणाले, “मी आतलं पान वाचत होतो.”

मेंदूतल्या रक्ताच्या गाठीने तिचा उजवा हात नेला, पाय अर्धा नेला आणि भाषा सगळी नेली. ठेवला फक्त एक शब्द. कधीकधी असं होतं, डॉक्टर म्हणाले. एखादाच शब्द उरतो आणि माणूस सगळं त्याच शब्दात बोलत राहतो. तिच्या ओठांवर जो होता तोच उरला. पाणी हवं, वाया. खिडकी लाव, वाया. दूरगावच्या लेकीचा फोन आला की वाया, वाया, वाया, आणि पलीकडे लेक रडायची. शेजारीण सुरुवातीला चपापली. “भाऊजी, मी डाळ घेऊन आले, चव घेऊन बघतात तर म्हणतात वाया! मला मेलीला वाटलं मीठ विसरले.” मग तीही सरावली.

गल्लीत थट्टा झालीच. बायको नवऱ्याकडे बोट करून “वाया” म्हणते म्हटल्यावर कोण सोडेल? वेल्डरसुद्धा एकदा बोलून गेला होता, “बुवा, तुम्ही जन्मभर दुसऱ्यांवर शेरे लिहिले, तुमच्यावरचा वहिनींनी लिहिला,” आणि मग स्वतःच जीभ चावून बाहेर गेला होता.

शेरेबुवांच्या मनाला मात्र वेगळंच लागून राहिलं होतं. ‘वाया’ हा त्यांच्या कामातला शब्द नव्हता. वस्तू वाया जात नाही. वाया जातं ते पाणी, वेळ, कष्ट, वय. शिवाय हा शब्द एकटा उभा राहत नाही. त्याला पुढे काहीतरी लागतं. वाया गेलं. वाया जाईल. आणि हेही होऊ शकतं: वाया गेलं नाही. आपल्या बोलण्यात ‘नाही’ अगदी शेवटी येतं, दार ओढून घेता घेता माणूस मागे वळून एक शब्द बोलतो तसं. तोवर वाक्य कुठल्या बाजूला पडणार ते देवालाच ठाऊक. अहो, सगळं वाया गेलं. अहो, सगळं वाया गेलं नाही, दोन सदरे निघतील साबणाने. सदऱ्यांबद्दलच बोलत होती ना ती? का दारात उभी राहून, वर्तमानपत्राच्या मागे बसलेल्या माणसाकडे बघून तिला एकाएकी चौतीस वर्षांचं काहीतरी वाटलं होतं? तेच एक क्रियापद यायचं राहिलं होतं. सात महिने ते त्याची वाट बघत होते. तिला विचारण्यात अर्थ नव्हता. काहीही विचारलं तरी उत्तर एकच यायचं, आणि ते उत्तर त्यांना सोसलं नसतं.

बाराला दहा कमी असताना ते फाटकापाशी गेले. जाताना भांडारातली सगळ्यात हलकी व्हीलचेअर नेली. तिची चाकं त्यांनी स्वतः बसवली होती आणि ती इतर कुणाला ते देत नसत. रिक्षातून शेजारणीने बायकोला उतरवलं. तिला फिकट जांभळी साडी नेसवली होती, केस नीट विंचरले होते.

“आज झक्कास बोलायचं बरं का वहिनी,” शेजारीण म्हणाली.

“वाया,” बायको म्हणाली आणि तिने डाव्या हाताने शेजारणीचा गाल कुरवाळला.

वाचा शिकवणाऱ्या ताई तिशीच्या होत्या. गळ्यात चष्म्याची दोरी, टेबलावर चित्रांचे पत्ते. सात महिन्यांत त्यांनी कसूर केली नव्हती, हे शेरेबुवा कुणालाही सांगत. आरशासमोर बसवून ओठांचे आकार दाखवले, टाळ्यांवर शब्द म्हणून घेतले. एकदा त्यांनी विचारलं होतं, “काकू पूर्वी गायच्या का?” ती रोज संध्याकाळी प्रार्थना गायची. बोलणं गेलेल्यांना गाणं कधीकधी येतं, म्हणून ताईंनी गाऊन पाहायला सांगितलं. आणि खरंच, बायको गायली. चाल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बिनचूक, एक मुरकी इकडची तिकडे नाही. फक्त सगळ्या शब्दांच्या जागी वाया. ताईंनी त्या दिवशी मान खाली घातली होती. शेरेबुवांना मात्र वाटलं होतं, देवाला काय, सूर पुरत असेल. त्याच्या दारात कुणी शेरा लिहायला बसलेलं नसतं.

“काका, तुम्ही आज मध्ये बोलायचं नाही हं,” ताई म्हणाल्या. “सूचना मी देईन. एक जरी दुसरा शब्द आला तरी मी पुढचे तीन महिने मागून घेईन. पण यायला हवा.”

शेरेबुवा भिंतीलगतच्या स्टुलावर बसले. स्टूल त्यांच्याकडूनच दुरुस्त होऊन आलेलं होतं.

ताईंनी कपाचं चित्र धरलं. “काकू, हे काय?”

“वाया.”

“कऽऽ... कऽऽ...”

“वाया.”

किल्ली. कंगवा. झाड. बाळ. प्रत्येकाला ती नीट निरखून बघायची, मान तिरपी करायची, ओठ जुळवायची आणि तोच शब्द पुढे ठेवायची. जणू दर वेळी तिला खात्री असायची की या खेपेला बरोबरच आलं. बाळाच्या चित्राला तिने हात लावला. शेरेबुवा स्टुलाच्या कडा घट्ट धरून बसले होते.

मग ताईंनी त्यांच्याकडे बोट केलं. “आणि हे कोण? यांचं नाव काय?”

तिने वळून पाहिलं. चेहरा उजळला. “वाया,” ती म्हणाली.

ताईंनी कागदावर खूण केली. शेरेबुवांना राहवलं नाही. “ताई, एक सांगू? तिला माझं नाव विचारू नका.”

“का?”

“तिनं ते कधीच घेतलं नाही. चौतीस वर्षांत एकदा नाही. जे तोंडात कधी नव्हतंच ते आता कुठून येईल?”

“मग काय म्हणायच्या तुम्हाला?”

शेरेबुवा लाजले. “अहो.”

ताई थांबल्या. त्या स्वतः नवऱ्याला नावाने हाक मारत असाव्यात. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“आणि ताई, तुम्ही ऐकलंत का? कपाला म्हणाली तो वाया वेगळा होता. मला म्हणाली तो वेगळा. पहिलं अक्षर आखूड, दुसरं लांब आणि वर चढवलेलं. अ-होऽऽ. वा-याऽऽ. तिची हाक आहे ती. अशीच मारायची, स्वयंपाकघरातून. शब्द चुकीचा आहे, पण आतला शब्द बरोबर आहे. एवढं तरी धरा.”

ताई बायकोकडे वळल्या. “पुन्हा विचारते,” त्या म्हणाल्या. “काकू, हे कोण?”

“वा-याऽऽ.”

“ऐकलंत?”

“ऐकलं,” ताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काहीतरी हललं होतं. त्यांनी पेन उचललं.

तेवढ्यात दार उघडून वॉर्डातला शिपाई फायलींचा गठ्ठा घेऊन आत आला. बायकोने त्याच्याकडे पाहिलं. चेहरा तसाच उजळला. “वा-याऽऽ,” ती म्हणाली. पहिलं अक्षर आखूड, दुसरं लांब आणि वर चढवलेलं.

“काय म्हणाल्या?” शिपायाने विचारलं.

त्याने फायली टेबलावर ठेवल्या आणि तो गेला. ताईंनी आधी नजर खाली घेतली.

“काका, बाहेर बावीस वर्षांचा मुलगा थांबलाय,” त्या म्हणाल्या. “मोटारसायकलवरून पडलेला. तीन महिने झाले, त्याला इथं जागा मिळत नाहीये.”

“त्याला द्या ना,” शेरेबुवा म्हणाले. “द्यायलाच पाहिजे.”

ताईंनी कागदाचा शेवटचा भाग पुढे ओढला. तिथं छापलेलं होतं: शेरा. त्या लिहायला लागल्या आणि अडखळल्या. “तुमच्यासमोर लिहायला नको वाटतं.”

“मला सवय आहे,” शेरेबुवा म्हणाले. “काय लिहिताय?”

“निष्फळ.”

“काय निष्फळ?”

“म्हणजे?”

“नुसतं निष्फळ लिहिलं आणि वर हिचं नाव असलं, तर वाचणाऱ्याला वाटेल हीच. तसं नका लिहू. ‘उपचार निष्फळ’ लिहा. ‘उपचार’ आधी लिहा, ठळक. हिच्यापुढं काही लिहू नका. तेवढी जागा रिकामी राहू द्या.”

ताईंनी तसंच लिहिलं. लिहून झाल्यावर कागद त्यांच्याकडे फिरवून दाखवलाही. शेरेबुवांनी तो वाचला आणि ‘ठीक आहे’ अशी मान हलवली.

फाटकापर्यंत जाताना, उतारावर खुर्ची सांभाळत असताना त्यांच्या एकदम लक्षात आलं. अहो तर कुणालाही म्हणतात. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला म्हणतात, दुकानदाराला म्हणतात. शिपाई आत आला, तर बाईमाणूस त्याला “अहो” नाही म्हणणार तर काय म्हणणार? त्यांचा हात ब्रेकवर गेला. परत वर जाऊन ताईंना सांगावं असं क्षणभर वाटलं. पण सांगून काय? कागदावर सही झाली होती, आणि तो मुलगा एव्हाना आत जाऊन बसला असेल. शिवाय अहो सगळ्यांचंच असेल, तर त्यात आपलं काय राहिलं?

“झालं का हो भाऊजी?” शेजारणीने विचारलं.

“झालं,” ते म्हणाले. “आता येण्याजाण्याचा त्रास नाही.”

बायको रिक्षात बसली. पुढची पन्नास पावलं ती मागे वळून बघत होती.

दुपारी त्यांनी कोपरा रिकामा केला. वेल्डर मदतीला आला. या खेपेला तो थट्टा करत नव्हता, नुसतं “हां, उचला” म्हणत होता. एकेका वस्तूची जुनी चिठ्ठी सोडायची आणि नवी बांधायची. निरुपयोगी. निरुपयोगी. सहाव्या चिठ्ठीनंतर अक्षर बिघडायला लागलं, तसं शेरेबुवा थांबले, त्यांनी बोटं मोडली आणि पुन्हा नीट लिहिलं. बाळांचा दिवा शेवटी राहिला.

“हा असू द्या की मागं,” वेल्डर म्हणाला. “पत्र्याच्या आड ठेवतो. कोण बघतंय?”

शेरेबुवांनी दिव्याची मान सरळ केली. तिच्या खोबणीत एक बोटभर लांबीची काच बसायची, ती कधी आली नाही. बाकी सगळं शाबूत होतं. “नको,” ते म्हणाले. “आडोशाला ठेवलेली वस्तू कुणाच्या ध्यानात राहत नाही. मी आणखी दोन वर्षं आहे. पुढं हिला कोण पुसणार?”

त्यांनी चिठ्ठी लिहिली. दोन्ही हातांनी दिवा उचलून गाडीत नेऊन ठेवला, फेकला नाही. सोडलेल्या बारा चिठ्ठ्या टाकायला त्यांच्याच्याने झालं नाही. त्या त्यांनी खिशात घातल्या. मग खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं. सात महिने ते रोज न चुकता काढून ठेवत होते.

घरी पोचले तेव्हा उजेड होता. बायको दारासमोरच्या खुर्चीत बसली होती आणि तिची प्रार्थना चालली होती. ते कपडे बदलून तिच्याजवळ बसले. ती ओळीमागून ओळ गात होती, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी सवयीने ते किंचित थांबत होते. कदाचित या ओळीनंतर. या ओळीनंतर. प्रार्थना संपली. तिने डावा हात कपाळाला लावला. उजवा त्यांनी उचलून लावला.

मग त्यांनी कपाट उघडलं. तळाशी तो सदरा होता, निळ्या डागाचा. त्यांनी तो तिच्या मांडीवर ठेवला. विचारायचं त्यांनी ठरवलं होतं. ओठांपर्यंत आलंही होतं. तिने सदऱ्याकडे पाहिलं, डागावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, साबण लावल्यासारखा. मग एका हाताने कॉलर धरून झटकला, मांडीवर पसरला आणि घडी घालायला लागली. एका हाताने घडी बसेना. बाही निसटायची, ती पुन्हा आत घ्यायची. शेरेबुवा मदतीला वाकले, तर तिने त्यांचा हात बाजूला सारला. बराच वेळ लागला. घडी झाली तेव्हा डाग आत गेला होता. मुद्दाम गेला का तसाच गेला, ते कळायला मार्ग नव्हता.

त्यांनी काहीच विचारलं नाही. सदरा जागेवर ठेवला आणि मोरीत जाऊन सकाळची भांडी घासायला घेतली. नळाचं पाणी बारीक होतं. बाहेर गल्लीतून कुणीतरी बोलत चाललं होतं, कुणाचं तरी दार वाजलं.

“वा-याऽऽ.”

हाक बाहेरच्या खोलीतून आली. गल्लीतल्या माणसाला असेल. खिडकीवर बसलेल्या कावळ्याला असेल. त्यांनी नळ बंद केला.

“आलो,” ते म्हणाले, आणि ओल्या हातांनीच बाहेर गेले.